चौदाव्या दिवसाचा गोड घास

मंडळी, एक विचारते, उत्तर मनातल्या मनात द्या. मरणाला भिणारं माणूस सुखी होऊ शकतं का? त्या साथीच्या वर्षात आपण सगळे कड्या लावून बसलो होतो – तेव्हा कोण सुखी होतं? नुसत्या माना हलवू नका, ऐका.

विद्यापीठाच्या वसतिगृहात अकरा पोरी अडकल्या होत्या. गावाकडच्या गाड्या बंद. त्यातली एक तेजल. शिकत काय होती? जंतूंचं शास्त्र! आणि करायची काय? तासातासाला काखेत थर्मामीटर. शिंक आली की आईला फोन. भाताचं शीत घशात अडकलं की हिच्या डोळ्यांपुढे तिरडी. हसताय? तुम्ही मेथी साबणाने धुतलीत, ते विसरलात वाटतं!

तिच्याच खोलीत रोहिणी, उदगीरची. एका सकाळी रोहिणीला फोन आला – वडील गेले. जिल्ह्याच्या सीमा बंद, पोरीला बापाचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. तेजलने काय केलं? जवळ घेतलं? नाही. गादी गुंडाळली आणि वरच्या मजल्यावर राहायला गेली. अहो, फोनमधून कुठे जंतू येतात? पण तिला वाटलं, मरणाला या खोलीचा पत्ता कळलाय, आता पुढची पाळी आपली. बाकीच्याही लांबच. मेसच्या मावशी ताट उंबऱ्यावर ठेवून जायच्या.

असे तेरा दिवस गेले. चौदाव्या दिवशी दुपारी रोहिणीच्या आईने तेजलला फोन केला. सांगत होत्या, इकडे शेजारणीने दारातूनच शिरा दिला, आमचं सुतक फिटलं. मग म्हणाल्या,

"तेजल, गोड घास दुसऱ्याच्या हातचा लागतो गं. तिला तू भरव. तू तिच्याजवळ आहेस, म्हणून मला घोर नाही."

आता बोला! काय सांगेल ती? तुमची लेक तेरा दिवस भिंतीशी बोलतेय, हे? कशीबशी "हो काकू" म्हणाली.

मावशींकडून वाटीभर शिरा घेतला. जिना उतरली, दाराशी आली – आणि फिरली की माघारी! तीन पायऱ्या चढली. वाटी गरम, हात गार. आत गेले आणि मेले तर? तिथेच उभी राहिली. आणि नाही गेले, आणि जगले, तर काकूंना काय तोंड दाखवू?

दार ढकललं. रोहिणी खिडकीशी बसली होती. म्हणाली, "तिथेच ठेव. तुला भीती वाटते, माहितेय मला."

"वाटते," तेजल म्हणाली. "आत्ताही वाटतेय. तोंड उघड."

घास भरवला. रोहिणीने तो बराच वेळ चघळला. मग म्हणाली, मावशींनी साखर आजही वाचवलीच. आणि दोघी हसायला लागल्या, हसता हसता गळ्यात गळा घालून रडल्या.

भीती गेली का? छे. संध्याकाळी तेजलने दोनदा ताप मोजला. पण मोजला तो खाली, रोहिणीच्या शेजारी, आपली गादी परत पसरून.

मंडळी, भीती सरली की सुखी होऊ म्हणणाऱ्यांनो, साथ कधीच सरली! तरी आपल्या आळीतल्या एका घरी त्या वर्षी माणूस गेलं, आणि तिथे अजून तुम्ही पाऊल टाकलेलं नाही. कुठलं घर, तुम्हालाही माहीत, मलाही. आता आरती होईल, प्रसाद मिळेल. तो इथे तोंडात टाकायचा नाही. घेऊन निघायचं. मी देवळाच्या पायरीवर उभी राहणार आहे – बघते, कोण कुठल्या बाजूला वळतं ते.