ए चालू

माझं गाव पुणतांब्यापासून कोसभर, गोदावरीच्या अलीकडं, आन माझा बाप रेल्वेत लॅम्पमन हुता. लॅम्पमन म्हंजे काय, तुमाला ठाऊक नसंल, आता त्यो माणूसच उरला न्हाई. त्या काळी सिग्नल म्हंजे एक उंच खांब आन त्याला हात, हात आडवा तर थांब, खाली झुकला तर जा, आन त्या हाताच्या बाजूला रॉकेलचा कंदील. बाप रोज दुपारी खांद्यावर कंदील अडकवून निघायचा, शिडी चढायचा, काच पुसायचा, रॉकेल भरायचा, वात कातरायचा, उतरायचा, पुढच्या खांबाकडं चालू पडायचा. पावसात, उन्हात, ताप आला तरी. मला लहानपनी वाटायचं की गाड्या माझ्या बापाला भिऊन थांबत्यात. तसं ते खोटंबी न्हवतं. लाल दिवा म्हंजे कोनतरी माणूस तिकडं म्हनतोय, थांब बाबा, हे माझ्या डोक्यात तवापासनं बसलं ते बसलंच.

मी आयटीआय केलं, परीक्षा दिली, डिझेल असिस्टंट म्हनून लागलो, मंग शंटर, म्हंजे यार्डात डबे हलवनारा, मंग मालगाडीचा ड्रायव्हर. आता आमाला लोको पायलट म्हनत्यात. नाव बदललं तेव्हा आमचा एक जोडीदार म्हनाला, पायलट केलं पर इंजिनात संडास न्हाईच. ते जाऊ द्या. सत्तावीस वर्षं मी गाडी चालवली आन एक लाल सिग्नल ओलांडला न्हाई. आता आठ महिने झाले, मी इंजिनवर न्हाई. रिटायर व्हायला दोन वर्षं हायती, ती मला इंजिनवर काढायची हुती, एवढंच माझं मागनं हुतं, दुसरं काय न्हवतं. कसं झालं ते सांगतो.

आमच्या मार्गावर नवी सिग्नल यंत्रणा आली. आधी काय हुतं, दोन स्टेशनांच्या मधी एका वेळी एकच गाडी, पुढचा स्टेशन मास्तर घेतो म्हनल्याशिवाय मागचा सोडायचा न्हाई. आता सिग्नल आपलाआपन लागतो. गाडी पुढं गेली की मागचा लाल, अजून पुढं गेली की पिवळा, मंग डबल पिवळा, मंग हिरवा. दर किलोमीटरला एक खांब. एकामागं एक गाड्या सोडता येत्यात. चांगलंच हाय, मी वाईट म्हनत न्हाई.

उद्घाटनाला लई थाट हुता. मांडव, गालिचा, सनई लावलेली, मोठे साहेब आले, आमाला धुतलेल्या कपड्यात रांगेत उभं केलं. टेबलावर एक लाल बटन, त्यावर जरीचा रुमाल. साहेबांनी रुमाल काढला, बटन दाबलं, टाळ्या झाल्या, आन पडद्यावर हिरवा दिवा लागला. मी कडंला उभा हुतो, मला टेबलाखालचं दिसत हुतं. बटनाची वायर गुंडाळून, रबर लावून ठेवली हुती, ती कशालाच जोडलेली न्हवती. यंत्रणा सकाळपासनंच चालू हुती, मीच दोन गाड्या काढल्या हुत्या त्यातनं. साहेब भाषनात म्हनाले, आता चालकाच्या डोक्यावरचा भार हलका झाला. आमी टाळ्या वाजवल्या. शेव आन बालुशाही दिली.

भार कसा हलका झाला ते सांगतो. इंजिनात दोघं असत्यात, ड्रायव्हर आन असिस्टंट. सिग्नल दिसला की हात वर करून त्याच्याकडं बोट दाखवायचं आन मोठ्यानं बोलायचं. एकानं म्हनायचं डबल पिवळा, दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यानं बघून परत म्हनायचं डबल पिवळा. लई जुनी रीत हाय ही, आन लई शहाणी. एकाचा डोळा चुकला तर दुसऱ्याचा असतो. पर पूर्वी घंटाभरात धा-बारा सिग्नल यायचे. आता मिनिटा-दीड मिनिटाला एक. हात वर, पिवळा, पिवळा, हात खाली, पानी प्यावं म्हनलं तर हात वर, डबल पिवळा, डबल पिवळा. सहा-सात तास. काय सांगू तुमाला, देवळात नामसप्ताहाला रात्री तीनच्या पहाऱ्याला माणसं जशी म्हनत्यात ना, तोंड चाललेलं असतं आन माणूस आत नसतो, तसं हुतं. पहिला जे म्हनंल ते दुसरा म्हनतो. कोनी ठरवून न्हाई करत. मीबी असिस्टंट असताना केलंच असंल.

आन दुसरी गोष्ट. नव्या यंत्रणेत असा नियम हाय की खांबावर इंग्रजीतला ए लिहिलेला असंल तर त्यो आपलाआपन चालनारा सिग्नल. त्यो लाल असला तर गाडी थांबवायची, दिवसा एक मिनिट थांबायचं, शिट्टी द्यायची आन लाल असूनबी हळूहळू पुढं जायचं, पुढची गाडी दिसंपर्यंत. बघा म्हंजे. सत्तावीस वर्षं सांगितलं लाल म्हंजे मेलास तरी थांब, आन आता सांगत्यात मिनिटभर थांब आन जा. ट्रेनिंगला मी पाठ केलं, परीक्षेत बरोबर लिहिलं. पर पहिल्यांदा असा सिग्नल लागला तर माझा हात हलंना. घड्याळात मिनिट झालं, दोन झाली, मी बसलोय. असिस्टंट म्हनतोय चला, मी म्हनतोय थांब जरा, हिरवा हुईल. सात मिनिटं थांबलो. मागं तीन गाड्या तुंबल्या.

दुसऱ्या दिवशी लॉबीत, म्हंजे जिथं आमी हजेरी लावतो तिथं, इन्स्पेक्टरनं धा जनांच्या देखत विचारलं, काय धनवटे, लाल दिवा दिसला की तुमी तिथं पूजा घालता का. सगळे हसले. मीबी हसलो, काय करनार. लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिलं की चूक झाली, पुन्हा हुनार न्हाई. आन खरंच पुन्हा झाली न्हाई. मी शिकलो. लाल, ए, मिनिट, शिट्टी, चला. महिनाभरात मला त्याचं काहीच वाटंना झालं.

आता यात एक मेख हाय. स्टेशनाच्या जवळ काही सिग्नल असे असत्यात की त्यांच्यावरचा ए रंगवलेला नसतो, दिव्याचा असतो. त्यो ए चालू असला तर आपलाआपन चालनारा सिग्नल, मिनिट थांबून जायचं. ए बंद असला तर त्यो स्टेशन मास्तरच्या हातात, मंग तिथं जुनाच कायदा, लाल म्हंजे लाल, लेखी कागदाशिवाय हलायचं न्हाई. तेवढ्या एका ताटलीएवढ्या दिव्यावर सगळं.

थंडीचे दिवस, दुपारचे साडेचार झाले असत्याल. सिमेंटची मालगाडी हुती. स्टेशनाचं नाव नका लिहू, त्या मास्तरची काय चूक न्हाई. माझ्यासंगं असिस्टंट सुवर्णा. भिंगारची, बत्तीस वर्षांची, बाप छावनीत मेसला स्वयंपाकी हुता, हिनं एकटीनं अभ्यास करून नोकरी काढली, घरी चार वर्षांची मुलगी. कामाला चोख. मला काका म्हनायची. दोन वाजल्यापासनं आमी पिवळ्यातच चाललेलो, तीनदा लाल लागला, तीनदा मिनिट थांबून पुढं गेलो. चौथा लागला. ऊन पाठीमागनं, खांबावर सरळ पडलेलं. मी हात वर केला आन म्हनलं, लाल, ए चालू. ती म्हनली, लाल, ए चालू. मिनिट थांबलो. शिट्टी दिली. निघालो.

दोन-तीन डबे गेले असत्याल तोवर वॉकीटॉकीवर मास्तर ओरडला, मालगाडी थांबवा, मालगाडी थांबवा, कुठं निघाला. मी ब्रेक मारला. समोर बघतो तर सायडिंगमधनं, म्हंजे बाजूच्या रुळावरनं, दुसरी गाडी मेन लाईनवर घ्यायला रुळांचा सांधा माझ्या आडवा लावलेला. ती गाडी अजून निघाली न्हवती. कुनाला खरचटलंबी न्हाई. सुवर्णा माझ्याकडं बघायला लागली आन मी तिच्याकडं. ती म्हनली, काका, ए चालू हुता ना? मी म्हनलं, हुता. मंग खाली उतरलो, मागं चालत गेलो, खांबाकडं बघितलं. ए बंद हुता.

चौकशी झाली. तीन साहेब. मी सांगितलं, ऊन त्या ए च्या काचेवर पडून दिवा पेटल्यासारखा दिसला असंल. जुने लोक सांगायचे असं हुतं म्हनून. ते म्हनाले, बघू. त्याच वेळेला, साडेचारला, इंजिन घेऊन तिथं पाहनी ठेवली. त्या दिवशी आभाळ आलं. दुसऱ्या दिवशी ठेवली, त्या दिवशीबी आभाळ. तिसऱ्या दिवशी साहेबांची मीटिंग. अहवालात लिहिलं, पाहनीत असं काही आढळलं न्हाई. खोटं न्हाई त्यात काही, आढळलंच न्हवतं.

स्टेशनात एक यंत्र असतं, सगळे दिवे कधी लागले, कधी विझले, सेकंदावर लिहून ठेवतं. त्यात ए अर्ध्या घंट्यापासनं बंद. युनियनचा माणूस मला बाजूला घेऊन म्हनाला, धनवटे, लिहून द्या की आधी असिस्टंट म्हनली ए चालू, तिच्यावर इसंबून तुमी म्हनलं, तुमचं वय झालंय, डोळ्याचं कारन पुढं करू, तिला कमी शिक्षा हुईल, नवी हाय. मी खरं सांगतो, एक रात्र मी त्यावर विचार केला. लाज वाटती सांगायला. मंदा, माझी बायको, म्हनली, त्या पोरीला लेकरू हाय. मी म्हनलं, मला ठाऊक हाय.

पर ते ठरवायची वेळच आली न्हाई. नव्या इंजिनात कॅमेरा असतो, आवाजाचा मायकबी असतो. तिसऱ्या बैठकीत त्यांनी ते लावलं. मला समोर बसवलं, सुवर्णाला शेजारी. पडद्यावर माझी पाठ, माझं टक्कल, माझा हात वर गेला, आन माझा आवाज आला, लाल, ए चालू. एकदम खात्रीचा आवाज. असा की मीबी ऐकून म्हनलो असतो, हा माणूस बघून बोलतोय. आन माझ्या मागं लगेच, मान वर न करता, तिचा आवाज. ती त्या वेळी बाटलीचं बूच लावत हुती. हात माझा, आवाज माझा, शब्द माझेच, फक्त खरं न्हवतं. खोटं बोलायचीसुद्धा सोय ठेवली न्हाई त्यांनी.

तेव्हापासनं मला एक कळत न्हाई. त्या दिवशी मला ए दिसला हुता का न्हवता? डोळे मिटले की मला दिसतो, पांढरा, चालू. पर त्यो त्या खांबावरचा हाय का आधीच्या तीन खांबांवरचा, का ट्रेनिंगच्या पुस्तकातला, ते सांगता येत न्हाई. यंत्र बरोबर असंल. मंग मला आठवतंय अशी सही मी कशाच्या भरवशावर करू? डॉक्टरनं डोळे तपासले, नंबरसुद्धा वाढला न्हाई.

नोकरीवरनं काढतील म्हनत हुते, तेवढं केलं न्हाई. सुवर्णाला सहा महिने गाडीवरनं उतरवून परत ट्रेनिंगला पाठवलं. मी अपील केलं. चार ओळींचं, की दोन वर्षं राहिली, मालगाडीच द्या, यार्डातली द्या, पर इंजिन द्या. मागच्या महिन्यात उत्तर आलं. गाडी चालवन्यास योग्य न्हाई, लॉबीत बैठं काम द्यावं. पगाराला धक्का न्हाई, सगळे म्हनत्यात नशीब काढलंस.

आता मी त्याच लॉबीत बसतो. ड्रायव्हर कामावर यायचा, त्यानं दारू प्यालीय का ते बघायला नळीत फुंकर मारायची, मी आकडा बघायचा, सही घ्यायची, कुठं काम चालू हाय, कुठं हळू चालवायचं त्यो कागद द्यायचा. एसी हाय. संडास हाय.

परवा सुवर्णा आली, सहा महिन्यांनी पहिली गाडी. सगळ्यांच्या देखत वाकून पाया पडली. मी म्हनलं, पोरी, तुझ्या डोळ्याला दिसंल तेच बोल, शेजारचा काय म्हनतो त्याकडं कान देऊ नको. ती म्हनली, काका, आता इंजिनात नवी पेटी बसवलीय, पुढचा सिग्नल तिच्यातच दिसतो, आपन चुकून लाल ओलांडायला निघालो तर ब्रेक तीच मारती. माझ्या मनात आलं, आठ महिने आधी बसवली असती तर. मी विचारलं, मंग आता हात वर करून बोलत न्हाई का तुमी?

बोलतो की, म्हनली. पेटीकडं बघून बोलतो.

मी तिचा आकडा बघितला, शून्य. सही घेतली, कागद दिला. म्हनलं, सुखरूप जा, सुखरूप ये, लेकराला आईची वाट बघायला लावू नको. ती गेली. मागं रांग हुती. पुढच्याला म्हनलं, या, फुंका.