आबांचा चेहरा

काय सांगू तुम्हाला, आम्ही घोटीकडचे, भाताची शेती, सगळं घर रंगानं काळं, आणि मला लहानपणापासून चित्रांचा नाद, त्या नादापायीच कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकले आणि नाशकात गेम बनवणाऱ्या एका ऑफिसात लागले, माणसं बनवायचं काम, म्हणजे गेममधली हो. तिथं ठरलेलंच असायचं, बाई हाय तर गोरी कर, कपडे कमी कर, गुंड हाय तर काळा कर. बाई मरताना सुद्धा सुंदर दिसली पाहिजे म्हणायचे. लय खटकायचं, पण नोकरी हाय म्हणून करत राहायचे.

एकदा आबा, म्हणजे माझे वडील, नवा तांदूळ घेऊन ऑफिसात आले. आमचे सर त्यांच्याकडं बघतच राहिले. काका, तुम्हाला गेममधी घेऊ का, म्हणाले, आणि फोटो काढले, समोरून, बाजूनं. आबा लय खूश, टोपी नीट करून उभे राहिले.

आणि थोड्या दिवसांनी तेच फोटो माझ्यापुढं. टोळीचा म्होरक्या बनव म्हणे, रंग अजून काळा घे, डोळे लाल. मी म्हटलं, सर, वडील हायेत माझे. तर हसले, अगं मनाला काय लावून घेतेस, चेहरा कसला भारी आहे. मी नाय केलं. मग दुसऱ्याकडून करून घेतलं.

ज्या दिवशी गेम खेळून बघायचा व्हता, नेमके त्याच दिवशी आबा न सांगता आले, स्वतःला बघायला. मी दाराकडं धावले, आबा, चला, चहा घेऊ, पण ते आत शिरलेच. मोठ्या पडद्यावर आबांचा चेहरा, ऑफिसातल्या पोरांनी नेम धरला, डोक्यात गोळी, रक्त, आणि टाळ्या. परत उठवला, परत मारला. आबा हळूच म्हणाले, ह्यानं काय केलं व्हतं? टाळ्या थांबल्या.

मग मीच बोलले, हा चेहरा आत्ताच्या आत्ता काढा. सर म्हणाले, सगळ्यांसमोर तमाशा नको. म्हटलं, काका काका करून फोटो काढले तेव्हा सांगितलं व्हतं का, गुंड करणार म्हणून? आबा माझा हात धरून बाहेर ओढत व्हते, जाऊ दे बाई, जाऊ दे, पण मी हलले नाय, चेहरा काढेपर्यंत तिथंच उभी राहिले. काढला. नाकडोळे बदलले, रंग मात्र तोच ठेवला. मी नोकरी सोडली.

आता मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, बरं चाललंय. आबांनी गावभर सांगून ठेवलेलं, म्हणून लोकं अजून विचारत्यात, गेममधी कधी दिसणार? आबा म्हणत्यात, फोटोच नीट आला नाय माझा.