सुईचं जळण

माझं माहेर राहात्याचं. बाप मिशनच्या दवाखान्यात हुता, झाडलोट करायचा, सुया-चिमटे उकळायचा. आमी ख्रिस्ती, रविवारी चर्चला अन् बाकीचे दिवस बापाच्या मागं दवाखान्यात, असंच वाढलो. तितं मी घटसर्पाची लेकरं बघितली बरं का, गळा नुसता घरघरायचा, आई बाजूला बसून पदर चावायची. बाप म्हनायचा, मार्था, डाक्टर कवाबी येऊ दे, पानी आधी उकळलेलं पायजे. तेवढं एक वाक्य घेऊन मी सासरी आले, हितं, पुणतांब्याच्या अलीकडं, गोदावरीच्या काठाला.

मग गावात सरकारी दवाखान्याचं उपकेंद्र झालं अन् मला परिचर म्हनून घेतलं. परिचर म्हंजी काय, झाडायचं, पानी भरायचं, टोचताना पोरं धरायची. सिस्टर हुत्या कमलबाई, संगमनेरकडच्या, तोंडानं फटकळ पर मनानं लोनी. बुधवार म्हंजी लशीचा दिवस. तवा आताच्यासारख्या टोचून फेकायच्या सुया नव्हत्या, काचेच्या पिचकाऱ्या हुत्या, त्या उकळायला स्टो, स्टोला राकेल, अन् राकेल यायचं वरून. कमलबाई चिठ्ठी धाडायच्या अन् वरून निरोप यायचा, बजेट न्हाई. काय सांगू तुमाला, मला लई दिवस वाटायचं की बजेट म्हंजी कोनतरी मोठा सायब हाय अन् त्यो कायम रजेवर असतो.

एका बुधवारी स्टो विझला तो विझलाच, डब्यात राकेलाचा थेंब न्हाई अन् व्हरांड्यात बाया लेकरं घेऊन बसलेल्या. कमलबाई म्हनल्या, जावा बायांनो, फुडल्या बुधवारी या. मला बाप आठवला. मी म्हनलं, बाई, मजुरी बुडवून आलेली बाई फुडल्या बुधवारी येती व्हय, थांबा जरा. मागं लिंबाखाली तीन दगड मांडले, एकीला पळवलं गवऱ्या आनायला, अन् पातेल्यात पिचकाऱ्या उकळल्या. कमलबाई डोळ्यातला धूर पुसत म्हनल्या, मार्था, तू मला नोकरीवरून घालवनार. पर फुडल्या बुधवारी त्याच म्हनल्या, जिचं लेकरू तिनं एक गवरी आनायची. झालं, रिवाजच पडला.

अन् काय त्ये बुधवार हुते हो! डोक्यावर गवरी, काखंला लेकरू, अशा बाया यायच्या. पानी उकळस्तवर लिंबाखाली माहेर-सासर निघायचं, कोनाची सासू कशी, कोनाची म्हैस आटली, हसून हसून पोटं दुखायची. पोरगं टोचल्यावर रडलं की मी गुळाचा खडा द्यायची, मग आई म्हनायची, मावशी, मला बी टोचा की वं.

राकेल शेवटाला आलंच न्हाई, पर मार्चअखेरीला एक टेम्पो आला. आमाला वाटलं राकेल, तर निघालं पडद्याचं कापड, हिरवं, वर पिवळी फुलं. कमलबाईंनी इचारलं तर टेम्पोवाला म्हनला, पैसा मार्चात खर्चला न्हाई तर माघारी जातो म्हनत्यात. खिडकीला काच न्हाई अन् पडदे आले, वरातीमागून घोडं म्हनावं तर हितं वरातच न्हाई! कमलबाई खुदूखुदू हसल्या, अन् त्या कापडाची त्यांनी दुपटी शिवली, नव्या लेकरांना. त्या सालची आमच्या गावची समदी बाळं त्या पिवळ्या फुलातच वाढली.

फुडं फेकायच्या सुया आल्या, उकळायचं काम संपलं. मी बायांना सांगितलं, आता गवरी नगं. पर कोन ऐकतंय, त्यांच्या मनात बसलेलं की गवरीबिगर सुई लागू पडत न्हाई. शेजारच्या सखूची सून तर एकदा गवरी इसरली म्हनून न टोचताच लेकरू घेऊन घरी पळाली अन् गवरी घेऊन धापा टाकीत आली. कमलबाई म्हनल्या, राहू दे मार्था, यायची सवय तुटली तर लेकरू तुटंल. मग त्या जाळावर आमी च्या करू लागलो.

कमलबाई रिटायर झाल्या अन् नंतर देवाघरी बी गेल्या. मी बी रिटायर झाले, पर बुधवारी पाय तिकडंच वळत्यात. आता उपकेंद्राला फरशी हाय, खिडकीला काच हाय, सिस्टर हाय पल्लवी, नातीच्या वयाची, राहात्याहून गाडीनं येती, पर ती कंत्राटावर. दर साली नवं बजेट झालं की तिची नवी आर्डर यायची, तवर पोरीच्या तोंडाला चव नसायची. यंदा आर्डर आलीच न्हाई. एक सायब येऊन गेले, म्हनले, आजी, ही जागा औंदा बजेटात बसत न्हाई, तुमचं गाव वढ्यापलीकडच्या उपकेंद्राला जोडनार. मी म्हनलं, सायब, वढा वलांडून वली बाळंतीन कशी जाईल वं? त्यांनी खाली बघितलं, म्हनले, माझ्या हातात न्हाई. खोटं बोलले न्हाईत बिचारे. त्यांना बी च्या पाजला.

गेल्या बुधवारी पल्लवी जाताना गळ्यात पडली, मावशी, आता येईन का न्हाई काय ठावं न्हाई. मला लई वाईट वाटलं हो. रातच्याला त्या घटसर्पाच्या लेकरांची घरघर परत कानात यायला लागली.

आज बुधवार. मी कोनाला बोलावलं न्हाई, तरी ह्या बघा, समद्या आल्यात, उपकेंद्राच्या दारात गवऱ्यांची रास झालीया. त्या कोपऱ्यातलीच्या मांडीवरचं दुपटं बघा, इटलंय, पर फुलं दिसत्यात का न्हाई? आज्जीनं जपून ठिवलं हुतं. ज्यांच्या हातात त्यो सरकारी पैसा हाय त्यांची लेकरं-बाळं सुखी ऱ्हावीत, अन् त्यांना आमच्या लेकरांची याद ऱ्हावी, दुसरं काय मागू? राहात्याची गाडी फाट्यावर यायची येळ झाली. पल्लवी त्यात असंल, नसंल. बसा तुमी, च्या घ्या. पानी मी उकळून ठिवलंय.