रक्तपिशाच्चाचे दात मी केले

...आणि वर मलाच विचारतो हो, "काका, सुळ्यांची टोकं कुठे गेली?" कुठे गेली म्हणजे? घासली! कानशीनं घासली, बारीक कागद मारला, मशीनवर पॉलिश करून लख्ख केली! टोक ठेवून दात देतात का कुणाला? जीभ सोलते, ओठ फाटतो, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक गाल धरून दारात उभं! अरे बाबा, जन्म गेला माझा कवळ्या करण्यात, मला दातांबद्दल सांगू नका!

थांबा, नीट सांगतो. हा जो विचारणारा, तो सिनेमाचा दिग्दर्शक. एक दिवस दुकानात आला, प्लॅस्टरच्या जबड्यांकडे बघून हरखला आणि म्हणाला, "काका, मी रक्तपिशाच्चावर सिनेमा करतोय. पण जुनीच गोष्ट, नव्या नजरेनं!" म्हटलं, म्हणजे कशी? तर म्हणे, किल्ला नाही, शवपेटी नाही, काळा झगा नाही. हा भाड्याच्या खोलीत राहतो, स्वेटर घालतो आणि शेजारच्या मुलीवर डोळा ठेवतो. म्हटलं, रक्त तरी पितो का? "पितो ना काका! तेवढं जुनंच ठेवलंय."

आता मी ते काम घेतलं कशासाठी? पैशासाठी? छे! माझ्या मेहुण्यासाठी. तुम्हाला सांगतो, हा माणूस चारचौघांत माझी ओळख कशी करून देतो ठाऊक आहे? "हे आमचे दाजी. म्हाताऱ्यांच्या तोंडात काहीतरी बसवतात." काहीतरी! बायकोसमोर, सासूबाईंसमोर! म्हणून मी दिग्दर्शकाला एकच अट घातली, पडद्यावर माझं नाव आलं पाहिजे. मोठ्या अक्षरांत. एकदा ते मेहुण्यानं वाचलं की मी सुटलो!

मग नट आला माप द्यायला. देखणा मुलगा, पण दात? एक पूर्वेला, एक पश्चिमेला! मेणाच्या पट्टीवर चावायला लावलं, साचा काढला आणि त्याच्या दातांवर चढेल असं कवच केलं. सुळे दिग्दर्शकानं सांगितले तसे लांब ठेवले, तर तोंड मिटेना. मिटणार कसं? खालच्या दातांवर आपटतात ना! मग केले आखूड. आखूड केले तर टोचायला लागले, मग केले गोल. रंग मिळवला, चावा जुळवला. त्यानं घातले आणि म्हणतो काय, "काका, तोंडात काही आहे असं वाटतच नाही हो!" म्हटलं, राजा, जन्म गेला माझा कवळ्या करण्यात!

चित्रीकरणाला मलाही बोलावलं. भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावलेलं. मुलगी पलंगावर, हा स्वेटरवाला वाकतोय, वाकतोय, संगीतवाला आपला झूंऽऽ झूंऽऽ करतोय... यानं तोंड उघडलं... आणि ती मुलगी फस्सकन हसली! "अगं बाई, किती गोड दिसतोय हा!" पुन्हा घेतलं, पुन्हा हसली. तिसऱ्यांदा तर दिवा धरणाराही हसला! दिग्दर्शकानं टोपी जमिनीवर आपटली. "काका! या दातांनी काकडी तरी तुटेल का? टोकं कुठे गेली?"

गेलं, म्हटलं, माझं नाव! पण चेहरा असा ताठ ठेवला, की चूक असलीच तर सिनेमाची, दातांची नाही. मला दातांबद्दल सांगू नका!

आणि दिग्दर्शक मटकन खाली बसला हो. बसला, डोकं खाजवलं, आणि एकदम ओरडला, "याला चावताच येत नाही! शेकडो वर्षांचा उपाशी, समोर गळा, आणि चावता येत नाही! असं पिशाच्च कुणी दाखवलंय का आजवर?" म्हटलं, बघा! मी हेच म्हणत होतो! (नव्हतो. पण अशा वेळी कोण बघतं?)

बदलली की गोष्ट. आता त्या मुलीलाच याची दया येते, ती स्वतःच्या बोटाला सुई टोचते आणि त्याला चमच्यानं भरवते! चमच्यानं! हसताय काय? पहिल्या खेळाला आख्खं थिएटर मुसमुसत होतं! मी सगळं सासर घेऊन गेलो होतो. सासूबाईंचा पदर ओला, बायकोचा रुमाल ओला, आणि मेहुणा... मेहुणा चक्क नाक ओढत होता!

सिनेमा संपला, लोक उठले. मी ओरडलो, "बसा! कुणी हलायचं नाही!" नावं वर सरकायला लागली. दिवेवाले, गाडीवाले, चहावाले... आणि आलं! "दात" आणि पुढे माझं नाव! मी उभा राहिलो हो. छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. मेहुण्यानं वाचलं. नीट, मान वर करून वाचलं. म्हटलं, बोल आता, काहीतरी बसवतात म्हणे!

तेवढ्यात सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "काय सुरेख दात आहेत हो त्या मुलाचे, जावईबापू! असे जन्मतःच असावे लागतात."

आणि मेहुणा माझ्याकडे वळला. मोठ्या कौतुकानं! "खरंच दाजी, दात तर त्याचेच होते, मग तुमचं नाव कसं काय आलं? ओळखबिळख आहे वाटतं तुमची?"

आता सांगा! इतकी वर्षं हात चालवून काम असं केलं की ते कुणाला दिसूच नये, आणि नाहीच दिसलं! बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं.

म्हटलं, "हो, आहे थोडी ओळख. चला, मी गाडी बघतो."