जास्तीच्या कापसाची चौकशी

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपले मोठे डॉक्टर, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या लॅबच्या ताई, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी या रुग्णालयाचा स्टोअरकीपर. संशय घेणं हा माझा स्वभावच. आताही या हारातली फुलं ताजी आहेत की नुसतं पाणी मारलंय, हे मी गुपचूप दाबून पाहिलं. पाणी मारलंय. असो.

ताई रक्त घेतल्यावर कापूस स्वतः दाबून धरायच्या, उचलून बघायच्या, ओला दिसला की नवा लावायच्या. मला एवढंच दिसायचं, की लॅबचा कापूस दुप्पट संपतोय. जातो कुठे एवढा? घरी गाद्या भरतात की काय? मी लेखी तक्रार ठोकली.

पुढच्याच आठवड्यात माझ्या लेकीचं टॉन्सिलचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी ताईंनी तिचं रक्त घेतलं. एक बोळा, दुसरा, तिसरा. रक्त थांबेना. तिच्या पोटऱ्यांवरचे काळेनिळे डाग बघून ताईंनी विचारलं, "घोळणा फुटतो का गं?"

"सारखा. लवकर थांबतच नाही."

ताई माझ्याकडे वळल्या, "साहेब, उद्याचं ऑपरेशन थांबवा."

मला वाटलं, बाई तक्रारीचा सूड उगवतेय! त्यात नेहमीच्या तपासण्या नॉर्मल आल्या. मी पेटलोच. ताई मात्र मोठ्या डॉक्टरांच्या दारात ठाण मांडून बसल्या. खास तपासणी झाली. रक्त गोठवणारं एक प्रथिन लेकीच्या रक्तात जन्मापासूनच कमी होतं. तसंच ऑपरेशन झालं असतं तर? नको, मला आजही तो विचार सोसत नाही.

आजार आनुवंशिक म्हटल्यावर मी बायकोला म्हणालो, "तुझ्या माहेरचा असणार." ती म्हणाली, "दाढी करताना कापलं की तासभर टॉवेल धरून कोण बसतं?"

मग माझं रक्त घेतलं, ताईंनीच. चार बोळे लागले. माझा दंड धरून त्या उभ्या होत्या आणि माझी तक्रार त्यांच्याच टेबलावर उत्तराची वाट बघत पडली होती. आजार माझ्याकडूनच आलेला निघाला, हे वेगळं सांगायला नको.

पुढे औषधाची तयारी ठेवून लेकीचं ऑपरेशन नीट पार पडलं. ती बघा, दुसऱ्या रांगेत बसलीय.

ताई, ती तक्रार मी लाजेपोटी कधी मागे घेतली नाही. आज फाइलमधून काढून आणलीय. 'जास्तीचा कापूस कुठे गेला?' याखालची तुमच्या उत्तराची जागा अजून कोरीच होती. काल मी ती माझ्या हातानं भरली: 'माझ्या लेकीला लागला.'

सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. लिहिण्यात जे झालं, त्याची माफी ताईंकडेच मागतो.