पेशी वाढली

...अन् मी काहून जाऊ दुसऱ्या डॉक्टरकडे? अख्ख्या धंतोलीत इतके दवाखाने, कोणीतरी औषध देईलच म्हणते! तुम्हाले सांगते, हा माझा पोरगा अमोल, पन्नाशीले आला, सकाळपासून दारात गाडीची चाबी वाजवत भांडून राहिला माझ्याशी. आजार कोणाले, मले. घाम कोणाले, त्याले.

झालं काय, परवा डॉक्टरीणबाई रिपोर्ट पाहून म्हणे, "आजी, पेशी खूप वाढल्या आहेत." आता अकरा वर्षं झाली, अंगणाच्या भिंतीपायी दिराशी कोर्टात लढून राहिली मी, निकाल नाही, पण अंगणाचा कबजा माझा. शाळा चौथी, पण कायद्याची पुस्तकं सारी स्वतः वाचली, वकिलाच्या चुका मी काढते. पेशी म्हणजे आमच्यासाठी कोर्टाची तारीख, अन् पेशी वाढली म्हणजे तारीख पुढं गेली. मी थैलीतून डायरी काढली अन् विचारलं, "कोणती दिली पुढची?"

बाई हसली. अमोल हसला नाही... मी डायरी मिटली.

पेशी वाढली, पण रक्तातली. बाईनं समजावलं, पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात, त्यातली एक जात बिघडली. दिसायले धडधाकट, पण लढत नाही, वेळेवर मरत नाही, नुसती गर्दी करते. म्हणजे सरकारी हापिसच की! काम नाही अन् रिटायर व्हायचंही नाव नाही. "अन् बाकीच्या चांगल्या पेशी?" "त्या थकतात, आजी."

थकतात... हा शब्द लागला मले. नाव विचारलं तर कॅन्सर. औषध विचारलं तर सध्या नको, हा सावकाश चालणारा आहे, तीन महिन्यांनी रक्त तपासू. घ्या, पेशी वाढली!

तेव्हापासून मी सारखी बोलून राहिली. सून श्वेता म्हणते, आई, जरा शांत बसा. कशी बसू वं? गप्प बसली की हात थरथरतात अन् बांगड्या वाजतात. साऱ्या घराले ऐकू जाते.

आज अमोलनं चाबी ठेवली अन् हळूच म्हणे, "नुसती वाट पाहत बसायचं? तुले भेव नाही वाटत, आई?"

मी बांगड्या दुसऱ्या हातानं घट्ट धरल्या. म्हटलं, "वाटते ना गा. पण पेशी वाढली म्हणजे निकाल लागला नाही, अन् निकाल लागेस्तोवर कबजा माझाच."