बोळक्याची पाठवणी

कौंडण्यपूरच्या पाटलांना तुम्ही चिक्कू म्हणता ना? मग ऐका.

तिथल्या टेकाडात सापडलेल्या जुन्या खापरांची चित्रं काढायची, नंबर टाकायचे आणि ती खापरं पेटीत भरून अकोल्याच्या साहेबाकडे पाठवायची, हे माझं काम. मुक्काम पाटलांकडेच. एक बोळकं तेवढं अख्खं निघालं, पोरींच्या भातुकलीतलं. पेटीत गवत घालून मी ते ठेवत होतो, तर पाटलीणबाईंनी गवत उपसून टाकलं आणि ओसरीवरच्या ढिगातला कापूस भरायला घेतला.

पाटील ओरडले, "अवो, काय करून राहिली? कापसाले यंदा सोन्याचा भाव हाय!"

"असू द्या. लेकराचं खेळणं हाय, गवत टोचन त्याले."

"हजार वर्सं झाली असन त्या लेकराले!"

"खेळत होती तवा आपल्या रखमीएवढीच असन."

त्यांची रखमी गेल्या उन्हाळ्यातच सासरी गेली होती. आठ वर्षांची.

पाटील आत गेले, सरकी काढलेला मऊ कापूस ओंजळभर घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं बोळक्याभोवती लावला. पेटी गाडीत चढली तेव्हा गाडीवानाला म्हणाले, "सावकाश हाकजो रे. आत पोरगी हाय."